मनिऑर्डरीची पोच

लोणंदच्या आमच्या जुन्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात सुतळीने बांधलेले दोन गठ्ठे आहेत. एक मनिऑर्डरीच्या कुपनांचा. तो पहिल्यापासून गावातच होता. दुसरा पोचपावत्यांचा, तो चाळीस वर्षे मुंबईत, लालबागच्या एका खोलीत, आजोबांच्या वळकटीशेजारच्या पेटीत होता. १९८४ साली ती खोली सोडली तेव्हा भांडी, देवाची तसबीर आणि एक मोडका स्टोव्ह यांच्याबरोबर तो गठ्ठा गावी आला आणि पहिल्या गठ्ठ्याशेजारी पडला. दोन्ही एकत्र ठेवण्यामागे कुणाचा काही विचार नव्हता. ट्रंकेत जागा होती एवढेच.

ज्यांनी मनिऑर्डर पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पोस्टाने ही सोय १८८० साली आपल्याकडे घेतली. फॉर्मच्या तळाशी एक कुपन असे. त्यावर पाठवणाऱ्याने दोन-चार ओळी लिहायच्या. पैसे घेणाऱ्याला नोटांबरोबर ते कुपन मिळे आणि त्याच्याकडेच राही. दुसरा तुकडा पोचेचा. त्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पोस्ट तो पाठवणाऱ्याकडे परत धाडी. म्हणजे मुंबईचे शब्द गावी येत आणि गावचा अंगठा मुंबईला जाई. साताऱ्याच्या माणदेशात, खंडाळा-फलटणच्या कोरडवाहू पट्ट्यात आणि पाटण-जावळीच्या डोंगरात हजारो घरांचा संसार शंभर वर्षे या दोन कागदांवर चालला.

मनिऑर्डरीवरचे आपल्याकडचे लेखन बहुतेक आलेल्या पैशाचे आहे. किती आले, त्यातून कुणी विहीर पाडली, कुणी माळवद काढून मंगलोरी कौले घातली, कुणी मुलगा फर्ग्युसनला पाठवला. हे सगळे खरे आहे. माझे वडील शिकून मास्तर झाले ते याच पैशावर, आणि पर्यायाने मीही. पण इतिहास शिकवण्यात उमर गेल्यावर, निवृत्तीनंतर सवडीने हे गठ्ठे सोडले, तेव्हा माझे लक्ष पोचपावत्यांवरच खिळून राहिले.

१९५७ पर्यंतच्या पोचेवर पणजोबांची सही आहे. मोडीत, एका फटकाऱ्यात केलेली. पैसे त्यांच्याच नावाने येत. आजीचे लग्न होऊन तोवर चौदा वर्षे झाली होती, तीन बाळंतपणे झाली होती, शेत तीच पाहत होती; पण नवऱ्याच्या पगाराचा एक रुपयाही तिच्या नावाने गावात आलेला नव्हता. मीठ-मिरचीला लागणारे पैसे सासऱ्याकडे मागायचे, आणि सासऱ्याशी थेट बोलायची रीत नसल्याने सासूकरवी मागायचे. १९५७ च्या उन्हाळ्यात पणजोबा गेले. श्रावणातल्या पोचेवर प्रथमच निळ्या शाईचा एक अंगठा दिसतो, आणि त्याच्या वर आजीचे संपूर्ण नाव. आजी मला एकदा म्हणाली होती, "पोस्टमननं माझं नाव मोठ्यानं वाचलं, तवा मी मागं वळून बघितलं, कुणाला हाक मारतोय म्हणून." घरात तिला कुणी नावाने हाक मारतच नव्हते.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. सुरुवातीचा कामगार मुख्यतः कोकणातला, रत्नागिरीचा. घाटावरचा सातारकर थोडा मागाहून पण मोठ्या संख्येने आला, आणि त्याला आणण्यात रेल्वेचा हात होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्याहून दक्षिणेकडे मिरज-बेळगावच्या दिशेने जी लाइन गेली, तिच्यावर लोणंद स्टेशन आहे. फलटण संस्थानातला माणूसही गाडी धरायला इथेच येई. ही लाइन मीटरगेज होती आणि पुणे-मुंबई ब्रॉडगेज. त्यामुळे पुण्याला उतरून गाडी बदलावी लागे. जुन्या माणसांच्या आठवणीत पुणे म्हणजे शनिवारवाडा नाही, पर्वती नाही; पुणे म्हणजे वळकटी उशाशी घेऊन काढलेली फलाटावरची रात्र. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाली आणि थेट गाड्या सुरू झाल्या. जाणे सोपे झाले. येणे तितकेसे वाढले नाही, कारण येण्याचे गणित गाडीवर नव्हते, रजेवर होते.

आजचा सांगली जिल्हाही त्या काळी निम्म्याहून अधिक साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुन्या अहवालांत 'सातारा' असे वाचताना वाळवा, तासगाव, खानापूर हेही त्यात धरायचे असतात. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईला आले ते याच ओघातून. त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत संयुक्त महाराष्ट्राचा लढा आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण सीमाभागाच्या ताटातुटीला त्यांनी उपमा निवडली ती गावी राहिलेल्या बायकोची, आणि गिरणगावातल्या श्रोत्याला ती समजावून सांगावी लागली नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माणसे गेली किती, याची मोजदाद जनगणनेत वेगळ्याच रकान्यात सापडते. १९२१ साली मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. उरलेल्या कुठे होत्या? त्या रत्नागिरीत आणि साताऱ्यात होत्या. सातारा जिल्ह्यात स्त्रियांचे प्रमाण हजार पुरुषांमागे हजाराच्या वर, आणि हे १९९१ च्या जनगणनेपर्यंत टिकून राहिले. मी कॉलेजात शिकवू लागलो तेव्हा हा आकडा आम्ही अभिमानाने सांगत असू: बघा, आमच्याकडे मुलींना मारत नाहीत. पुष्कळ वर्षांनी उमगले की हा आकडा बायका जास्त असल्याचा नव्हताच. तो पुरुष गैरहजर असल्याचा होता. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे प्रमाण ९८८ वर आले आणि सहा वर्षांखालच्या मुलींचे तर नऊशेच्याही खाली. गिरण्या बंद पडून पुरुष परतले हे त्याचे एक कारण, आणि गर्भलिंगनिदान हे दुसरे. पहिल्या कारणाने दुसरे बरीच वर्षे झाकून ठेवले असावे, असा माझा कयास आहे.

इथे एक फसलेला उद्योग सांगतो. आमच्या भागात मुंबईकर गावी येतो तो यात्रेला, चैत्र-वैशाखात. कोकणात गणपती, तशी घाटावर यात्रा. तेव्हा यात्रेनंतर नऊ महिन्यांनी, पौष-माघात, गावात जन्म जास्त झालेले दिसले पाहिजेत, असा तर्क करून मी एका प्राथमिक शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहायला मागितले. दोन दिवस बसून नोंदी उतरवल्या. निम्मे गाव १ जूनला जन्मलेले निघाले! शाळेत नाव घालायला येणाऱ्या आईला तारीख ठाऊक नसे आणि गुरुजींना वय बसवायचे असे. त्यांनी शाळा उघडण्याच्या हिशोबाने १ जून लिहून टाकला. बाप हजर असता तर त्याला तरी तारीख ठाऊक असती का, हा प्रश्न वेगळा. पण रजिस्टरात पालकाच्या व्यवसायापुढे ओळीने 'मुंबईस नोकरी' लिहिलेले आहे आणि मूल शाळेत आणणाऱ्याच्या जागी ओळीने अंगठे आहेत.

१९२९ मध्ये सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले. अध्यक्षांच्या नावावरून ते व्हिटली कमिशन म्हणून ओळखले जाते. १९३१ च्या त्याच्या अहवालात असा विचार आहे की हिंदी कामगाराची गावाशी असलेली नाळ ही एक जमेची बाजू आहे. ती तोडण्याऐवजी नीट राखावी. वाचताना हे मोठे सहृदय वाटते. पण नाळ राखायची म्हणजे काय? कामगार आजारी पडला तर गावी जाईल, बेकार झाला तर गावी जाईल, म्हातारा झाला तर गावीच जाईल. बायकोचे बाळंतपण गावी होईल, पोरे गावी वाढतील. गिरणीला पगार द्यायचा तो एका माणसाचा, तोही ऐन उमेदीतल्या. बाकी सगळा खर्च गावाने सोसायचा, आणि गाव म्हणजे चावडी नव्हे. माझ्या आजीसारख्या बाया. त्याच १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. तो गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी होता. गिरणीतल्या पुरुषाला गावातून धान्याचे पोते पाठवणारी स्त्री त्यात बसत नव्हती.

हो, धान्याचे पोते. मनिऑर्डर एका दिशेने येई हे आपण जाणतो. उलट दिशेने काय जाई याची नोंद नाही. बाजरी, हुलगे, चटणी, शेंगा, आणि लोणंदच्या बाजाराला जो ओळखतो त्याला सांगायला नकोच, कांदा. मुंबईच्या खोलीत दहा-पंधरा जण राहत, पाळ्यापाळ्यांनी झोपत, खाणावळीत जेवत. आणि खाणावळीचा खर्च भागत नसे तेव्हा गावचे पीठ कामी येई. ही देवघेव संपात उघडी पडते. १९२८ चा गिरण्यांचा संप सहा महिने चालला. इतके दिवस कामगार टिकले कसे, याचे उत्तर देताना राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी गावाशी असलेल्या संबंधाकडे बोट दाखवले आहे. पुष्कळ कामगार संपकाळात गावी गेले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत आणि ती असायलाच हवीत. पण त्या सहा महिन्यांत घरात एक ताट वाढले, आणि ते भरायला कणगीत आधीच कमी दाणे होते, हेही संपाच्या इतिहासात बसते.

सगळ्यांचा हिशोब सारखा नव्हता, हे इथे सांगितले नाही तर मी माझ्याच जातीच्या घराचा इतिहास सगळ्या जिल्ह्याच्या नावावर खपवीन. महार समाजाच्या माणसाला मुंबईला जाणे म्हणजे वतनाच्या वेठीतून सुटणे होते. त्याच्या लेखी गाव मागे राहणे हा तोटा कमी आणि सुटका अधिक. तरी गिरणीतही त्याच्यापुढे दार होतेच: साचेखात्यात, म्हणजे जिथे पगार बरा तिथे, त्याला घेत नसत, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकराला तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला. आजोबा साचेखात्यात होते. ही गोष्ट आमच्या घरात हुशारीची म्हणून सांगितली जाई.

हा प्रकार आपल्यापुरता नाही. स्थलांतराच्या कुटुंबावरील परिणामांची चर्चा निघाली की आज जगभर पहिले नाव येते फिलिपिन्सचे. तिथे मार्कोसच्या राजवटीत १९७४ च्या कामगार संहितेने माणसे परदेशी पाठवणे हे सरकारी धोरणच केले. पुढे राष्ट्राध्यक्षांनी या कामगारांना 'नवे वीर' म्हटले. ते पाठवत असलेला पैसा देशाच्या उत्पन्नात मोठा वाटा उचलतो. आणि १९९५ मध्ये सिंगापूरला घरकाम करणाऱ्या फ्लोर कॉन्टेम्प्लासियोन हिला फाशी झाली तेव्हा सारा देश हादरला आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. तिकडे मोठ्या संख्येने आयाच जातात, दुसऱ्यांची मुले सांभाळायला, आणि त्यांची स्वतःची मुले आजीकडे किंवा मावशीकडे वाढतात. आपल्याकडे बाप गेला. त्यामुळे आपल्याला फार काही बिघडले असे वाटले नाही. चूल तर पेटत होती. आई गेली की घर मोडले असे आपण म्हणतो, बाप गेला की घर वर आले म्हणतो. दोन्ही वाक्यांत चुलीचे काम कुणाचे हे आधीच ठरलेले आहे.

समुद्रापारचा अनुभव साताऱ्यालाही नवा नाही. पहिल्या महायुद्धात जिल्ह्यातून फौजेत भरती झाली आणि साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. गावाच्या नावालाच पुढे 'मिलिटरी' चिकटले. फौजेचे पैसेही मनिऑर्डरीनेच येत. पण शहिदाचा स्तंभ उभा राहतो. गिरणीत कापसाचे तंतू छातीत जाऊन खोकत परत आलेल्याचा नाही. खानापूर-आटपाडीकडचा गलाई कारागीर सोने-चांदी गाळायला भारतभर पसरला, पण तो जम बसला की बायको-मुलांना घेऊन जातो. त्याच्या गावात सुरेख बंगले दिसतात आणि त्यांत दोन म्हातारी माणसे. त्याचा हिशोब तिसराच.

पुरुष वर्षानुवर्षे एकटे राहिले की जे होते ते झाले. पूर्वी 'मुंबईचा रोग' म्हणून कुजबुज होई. नव्वदच्या दशकात एचआयव्ही आला तेव्हा सातारा-सांगलीला त्याची झळ जोरात बसली. सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून या क्षेत्रात उभी आहे. मुंबईला कधीही न गेलेल्या बाया मुंबईच्या आजाराने गेल्या. आमच्या नात्यातही एक होती. तिच्याबद्दल घरात अजून कुणी मोकळेपणी बोलत नाही, आणि मीही इथे याहून जास्त लिहिणार नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आजोबा तोवर निवृत्त होऊन गावी आले होते. त्यांच्या जागी आधी बदली म्हणून लागलेले माझे चुलते संपात होते. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. १९२८ सारखेच याही वेळी लोक गावी आले, पण या वेळी परत जायला गिरणी उरली नाही. लोणंद स्टेशनवर त्या वर्षी उतरलेल्या माणसांकडे सामान जास्त होते, असे तेव्हाचे एक हमाल सांगत. पुष्कळांनी नंतर माथाडी म्हणून वाशीच्या बाजारात काम धरले. कांदा आणि माणूस, दोघांनाही लोणंदहून एकाच बाजाराची वाट मिळाली. चुलत्यांना तेही जमले नाही. ते ओट्यावर बसून राहत. काकींनी मात्र त्या दोन वर्षांत गड्याबरोबरीने विहिरीचा गाळ उपसला.

परतलेल्या माणसाचे काय होते, यावर आपल्याकडे फार कमी लिहिले गेले. आजोबा निवृत्त होऊन आले तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. चाळीस वर्षांत ते या घरात सलग महिनाभरही राहिले नसतील. त्यांना पहाटे भोंग्याच्या वेळेला जाग येई आणि काही करायला नसे. चहात साखर किती, हे आजीला विचारावे लागे, आणि ती विचारी ते पाहुण्याला विचारावे तसे. शेतातला कुठला बांध कुणाचा, कुठल्या वाट्याने पाणी द्यायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. सातबारा मात्र त्यांच्या नावावर. सोसायटीचे पीककर्ज काढायचे तर सही त्यांची लागे, म्हणून आधीची कित्येक वर्षे आजी यात्रेपर्यंत थांबे, ते आले की सही घेई, आणि तोवर बियाण्याला सावकाराकडून उचल करी. त्या उचलीचे व्याज कुठल्याही कुपनावर नाही. पहिल्या वर्षी आजोबा माजघरात झोपत आणि आजी परड्यात, गोठ्याला लागून बाज टाकून. मी कारण विचारले तर म्हणाली, "घरात गडीमाणसाच्या घोरण्याची सवय न्हाई बाबा मला." तक्रार म्हणून ती हे बोलली नाही. आजोबांनी ते ऐकले होते, असे मला वाटते. काही दिवसांनी त्यांनीच आपली वळकटी ओट्यावर नेली.

कुपनांचा गठ्ठा मी शेवटी वाचला. आजोबांना लिहिता येत नव्हते. खोलीतला जो कुणी लिहिणारा हाती लागेल त्याच्याकडून ते लिहून घेत. म्हणून दर काही वर्षांनी अक्षर बदलते. मजकूर तोच: पैसे पाठवले आहेत, तब्येत ठीक, गुरांना सांभाळणे, मोठ्यांस नमस्कार. आजीला उद्देशून असे एकही वाक्य नाही. लिहिणारा परका आणि इथे वाचणारा पोस्टमनही परका. दोन परक्यांच्या मधून बायकोशी काय बोलणार? १९५७ च्या श्रावणातले कुपन मात्र जरा वेगळे आहे. त्यावर मजकुराची जागा कोरीच सोडलेली आहे.

आजोबा १९९१ मध्ये गेले. वारसनोंदीसाठी तलाठी घरी आले. फेरफाराच्या कागदावर आजीचे नाव चढले. जमिनीच्या कागदावर पहिल्यांदाच. तलाठ्यांनी स्टॅम्प पॅड पुढे केले. तिने डावा अंगठा सराईतपणे टेकवला, किंचित फिरवला, उचलला; इतक्या वर्षांची सवय. मग पदराला बोट पुसत तिने विचारले, "आन् ही पोच आता कुणाकडं जायाची?"

तलाठ्यांना प्रश्न कळला नाही. "साताऱ्याला नाही, तालुक्यालाच राहते, आजी," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कागद काढला.